गोठ्यातला आरसीसीबी काढू नका, तो का पडतो ते शोधा

नमस्कार भाऊ,

गोठ्याच्या वायरिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. गोठ्याला वेगळी डीबी (वीजवाटपाचा बोर्ड), आरसीसीबी (करंट गळला की आपोआप वीज तोडणारा खटका) हे सगळं दुकानदाराचं बिल फुगवायचं काम आहे, असं तुमचं म्हणणं. तुमचा गोठा घरापासून दोनशे फुटांवर. घरच्या बोर्डातून अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) वायर सरळ नेली, ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट झाला की वीज तोडणारा खटका) टाकला. आरसीसीबी होता, पण चारा कापायचं कुट्टी मशीन बंद असतानाही पडायचा, म्हणून वायरमनने काढून टाकला. आणि दोन वर्षांत काही झालं नाही.

आधी माझी चूक कबूल करतो. मूळ लेखात मी ‘सहाची केबल घ्या’ एवढंच लिहून मोकळा झालो, अंतराचा हिशोब दिला नाही. तो असा. दोनशे फूट म्हणजे ६१ मीटर, जाऊन-येऊन १२२. अडीचच्या तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीला रोध साधारण ०.९ ओहम. दीड एचपीची कुट्टी चालताना १० अँपिअरच्या आसपास घेते, तेव्हा ९ व्होल्ट जातात, ते चालेल. पण सुरू होताना ती पाचपट ओढते, तेव्हा ४५ व्होल्ट वायरीतच संपतात. संध्याकाळी गावात मुळात २०० व्होल्ट असतील तर मोटरला दीडशेच मिळतात. मग ती नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग तापतं. सहाच्या वायरीत हीच घट १९ व्होल्टच्या आसपास येते. तांबं महाग वाटत असेल तर दहाची अ‍ॅल्युमिनियम केबल घ्या, रोध तेवढाच. फक्त ती तांब्याच्या वायरीला पीळ मारून जोडू नका, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावा.

आणि अडीचच्या वायरीवर ३२ चा एमसीबी नको. एमसीबी वायर वाचवायला असतो, इथे तो पडायच्या आधी वायरच भाजेल. आहे ती वायर ठेवायची असेल तर घराच्या टोकाला १६ चा, सी प्रकारचा (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) बसवा.

आता आरसीसीबी. तुम्ही लिहिलेलं ‘मशीन बंद असतानाही पडायचा’ हे वाक्य फार मोलाचं आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो; ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडतो. गोठ्यात कुणी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले असतील, किंवा ओल्या होल्डरमध्ये न्यूट्रल पत्र्याला टेकला असेल, तर घरात मिक्सर लावला तरी थोडा करंट गोठ्याच्या जमिनीतून वाट काढतो. म्हणजे तो विनाकारण पडत नव्हता, दोष दाखवत होता. वायरमनला सांगा: मेन बंद करा, गोठ्याचे फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही सोडवा, सगळ्या पिना काढा आणि न्यूट्रल-अर्थमध्ये मेगर (वायरीतली गळती तपासायचं यंत्र) लावा. गोठ्याच्या डीबीत न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थची वेगळी. त्यांची गाठ तिथे पडता कामा नये.

‘अर्थिंग आहे ना, मग पुरे’ असंही तुम्ही म्हणालात. आपल्याकडची काळी माती वैशाखात हातभर भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. समजा त्याचा रोध २० ओहम झाला. फेज मशीनच्या बॉडीला लागला तर करंट वाहील २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. तुमचा ३२ चा एमसीबी हलणारसुद्धा नाही आणि मशीनच्या बॉडीत करंट तसाच राहील. आरसीसीबी मात्र लगेच पडेल. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला, पण भरवसा आरसीसीबीवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या म्हशीने एका उन्हाळ्यात लोखंडी टाकीला तोंड लावणं सोडलं. नाक जवळ न्यायची, झटक्याने मान मागे घ्यायची. ढोरांच्या डॉक्टरांनी तपासलं, दात-जीभ ठीक. मी त्याच टाकीला रोज हात लावत होतो, पायात रबरी चप्पल. एकदा अनवाणी गेलो आणि कोपरापर्यंत चुणचुण आली. पाण्याच्या मोटरची वायर उंदराने कुरतडली होती. ओल्या जमिनीवर चार खूर टेकलेल्या ढोराला आपल्या कितीतरी आधी करंट कळतो, आणि तेच आधी मरतं.

म्हणून विनंती, मेगरचा आकडा मला इथेच कळवा. तोवर कुट्टीची पिन वापर झाला की काढून ठेवा, आणि ढोरांना पाणी सिमेंटच्या हौदात पाजा.