प्लेटमागच्या उठाबशा

एप्रिल लागला की न्यू जर्सीतल्या हौशी बेसबॉल अंपायरच्या फोनला उसंत नसते. असाइनर, म्हणजे अंपायरांना सामने वाटून देणारा, अ‍ॅपवर शनिवार-रविवारचे सामने टाकतो आणि आपण ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. वयोगट, मैदान, वेळ, मानधन सगळं दिसतं. कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, कसा आहे ते तेवढं दिसत नाही, आणि बघण्यासारखं तेच असतं.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचा चेंडू ताशी ११०-१२० किलोमीटरने येतो हे ऐकून नवे अंपायर दहा वर्षांखालचे सामने धरतात आणि आगीतून फुफाट्यात पडतात. मोठ्यांचा चेंडू जोरात येतो खरा, पण तो कॅचर अडवतो. नऊ वर्षांचा कॅचर चेंडू आला की डोळे मिटून मान फिरवतो. त्याच्या मागे, त्याच्या नि बॅटरच्या मधल्या फटीत, हनुवटी त्याच्या हेल्मेटच्या उंचीला आणून मी वाकलेला असतो. मास्क, छातीचं कवच, नडगीची पॅडं, पुढून पोलादी बूट, सगळा सरंजाम अंगावर. चेंडू बसतो तो नेमका दंडावर, नाहीतर कवच संपतं तिथे, गळ्याच्या हाडावर.

बरं, ४६ फुटांवरून टाकलेले ते चेंडू प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीच्या, आसपासही फिरकत नाहीत. असा बाहेरून गेलेला चेंडू म्हणजे ‘बॉल’. चार बॉल, बॅटर चालत पहिल्या बेसवर. पुढच्यालाही चार बॉल. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत नऊ-दहा वर्षांच्या पिचरला दिवसाला ७५ चेंडूंची मर्यादा असते. ती संपली की हायसं वाटतं, पण क्षणभरच. दुसरा येतो, सरावाचे आठ चेंडू टाकतो, त्यातले चार मागच्या जाळीवर. पंत मेले, राव चढले! यावर उपाय एकच. प्लेट १७ इंच रुंद, ‘झोन’ तेवढाच. दोन्ही कडांना एकेक चेंडूची सूट द्यायची. पण ती पहिल्या इनिंगपासून आणि दोन्ही संघांना. चौथ्या इनिंगमध्ये भूक लागली म्हणून झोन रुंदावला, तर आधी आया ओरडतात आणि मग कोच चालत येतो.

सामन्याला सहज दोनशे-अडीचशे चेंडू पडतात आणि दर चेंडूला वाकावं लागतं. शाळेत या उठाबशा शिक्षा म्हणून असत, इथे त्यांचे डॉलर मिळतात.

मला विचाराल तर लिटल लीगचा अकरा-बारा वर्षांचा गट सोन्यासारखा. इनिंग सहाच. चेंडू बॅटरपर्यंत पोचेस्तोवर रनरने बेस सोडायचा नाही, त्यामुळे पिकऑफ (बेसपासून सरकलेल्या रनरला चेंडू फेकून बाद करणं) नाहीत आणि बॉकची (पिचरच्या नियमबाह्य हालचालीची) कटकटही नाही. मुख्य म्हणजे कॅचर डोळे उघडे ठेवतो.

एकट्याने करायचा सामना मात्र दहादा विचार करून घ्यावा. अनेक ठिकाणी त्याला दीडपट मानधन असतं, नि तिथेच माणूस फसतो. मोठ्या मैदानावर प्लेटपासून दुसरा बेस १२७ फूट. तिथे धुरळा उडतो. रनरचा पाय आधी टेकला की चेंडू धरलेला ग्लोव्ह, हे तुम्ही इथून सांगायचं. डगआउटमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवरच्या, चौदा जणांना ते स्वच्छ दिसलेलं असतं.

सकाळी शाळेचा आणि दुपारी क्लबचा सामना एका दिवशी घेऊ नये. हायस्कूलच्या नियमांत बॉक झाला की चेंडू तिथेच मृत. व्यावसायिक नियमांवर चालणाऱ्या स्पर्धांत खेळ पुढे चालू राहू शकतो. दुपारी तीनला, ३५ अंशांत, गडद निळ्या शर्टात, आपण कुठल्या पुस्तकात आहोत हे आठवत नाही. तोंडातून खेळ थांबवणारं ‘टाइम’ निघून जातं आणि दोन धावा परत पाठवाव्या लागतात.

मानधनाचा आकडाही नुसता वाचू नये. समजा ७० डॉलर आहेत. जायला चाळीस मिनिटं, अर्धा तास आधी पोचून बॅटवरचे मान्यतेचे शिक्के तपासायचे, दोन तास खेळ, यायला पुन्हा चाळीस. तासाला अठरा डॉलरच्या आसपास पडतात, पेट्रोल आपलं. त्यामुळे दहा मिनिटांवरचा ५५ डॉलरचा सामना मी डोळे झाकून घेतो.

आता राहिला पाऊस. घरी असताना सामना रद्द झाला तर दमडी मिळत नाही. मैदानावर पोचल्यावर झाला तर बऱ्याच ठिकाणी निम्मे मिळतात. म्हणून पश्चिमेला ढग दाटले की अनुभवी अंपायर तासभर आधीच गाडी काढतो.