कोर्टाची पायरी आणि समन्स आलेला माणूस

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' या म्हणीने सुरू होणारा एक मजकूर सध्या मोबाइलवरून हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वकील लावण्याची ऐपत नसेल तर न्यायालयात उभेच राहता येत नाही, मोफत वकील फक्त तुरुंगातल्या आरोपींना मिळतो, इतरांना त्यासाठी दारिद्र्यरेषेचा दाखला लागतो, कोर्ट फी भरल्याखेरीज दावा घेतच नाहीत, लोकअदालतीत गरिबाकडून तडजोडीवर सही करून घेतात, आणि सगळे कामकाज इंग्रजीत चालते. सबब गरिबाने नुकसान सोसावे आणि नोटीस आली तरी तिकडे फिरकू नये. मी काही वर्षे तालुक्याच्या न्यायालयात विधी स्वयंसेवक, म्हणजे लोकांना कायदेशीर मदतीची वाट दाखवणारा माणूस, म्हणून बसतो. ज्यांच्या कळवळ्याने हा मजकूर लिहिला आहे, त्यांचेच तो सर्वाधिक नुकसान करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सर्वांत घातक आहे तो शेवटचा सल्ला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो. पायरी चढायची की नाही, हे ठरवण्याची मोकळीक दावा लावणाऱ्याला असते. ज्याच्यावर दावा लागला आहे, त्याला ती नसते. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत प्रतिवादीने, म्हणजे ज्याच्यावर दावा लागला त्याने, लेखी कैफियत (दाव्याला उत्तर) द्यावी आणि न्यायालयाने कारणे नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवावी, असे दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे दिवाणी दावे चालवण्याचा कायदा, सांगते. प्रतिवादी आलाच नाही, तर दावा एकतर्फा चालतो, वादीच्या शपथपत्राला उलटतपासणी होत नाही, हुकूमनामा (दाव्याचा निर्णायक आदेश) निघतो आणि पुढे त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त दाखल झाली की बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा आदेश बजावणारा कर्मचारी, दारात येतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, रेशनकार्ड आणि चार घड्या घातलेले समन्स घेऊन आमच्या टेबलापाशी आले. ते समन्स घड्यांवर फाटले होते, कारण त्यांनी ते मेहुण्याला, दुकानदाराला, शाळेतल्या गुरुजींना, ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाला उघडून दाखवले होते. वकील केल्याशिवाय जाऊ नका, असेच सगळ्यांनी सांगितले. वकिलाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून ते गेले नाहीत. दावा बांधावरच्या वाटेचा होता. न्यायालयाच्या रोजनाम्यात, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदीत, लिहिले होते की प्रतिवादी पुकारा करूनही गैरहजर, सबब दावा एकतर्फा चालवावा. त्यांच्याकडे मोजणीचा नकाशा होता, पण तो पुरावा म्हणून क्रमांक (निशाणी) पडून दप्तरात जाण्याऐवजी त्या पिशवीतच राहिला. तारखेला उभे राहून 'साहेब, मला वकील नाही, मुदत द्या' एवढे जरी ते बोलले असते, तरी बहुधा मुदत मिळाली असती आणि त्यांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडे पाठवले गेले असते. एकतर्फा हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवावे लागते. 'लोकांनी जाऊ नका म्हणून सांगितले' हे कारण कोणत्या तोंडाने मांडायचे?

वकिलाशिवाय उभे राहता येत नाही, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. पक्षकाराने स्वतः, मान्यताप्राप्त प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत हजर व्हावे, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशातच (संहितेतील नियमांच्या गटांना 'आदेश' म्हणतात) लिहिले आहे. कुटुंब न्यायालयात तर उलट स्थिती आहे. 1984 च्या कायद्याच्या कलम 13 नुसार तिथे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क मानला जात नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः तक्रार दाखल करू शकतो, 2019 च्या कायद्यानंतर ती आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि व्यवहार 5 लाख रुपयांपर्यंतचा असेल तर जिल्हा आयोगाचे शुल्कही लागत नाही. मुले सांभाळत नाहीत म्हणून पोटगी मागणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला प्रांताधिकाऱ्यांकडे स्वतःच अर्ज करता येतो. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: मुंबई उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्या पक्षकाराला आधी छाननीला सामोरे जावे लागते, आणि दिवाणी दाव्यात पुरावा शाबीत करणे हे नवख्याचे काम नाही. म्हणूनच मोफत वकिलाबद्दलची चुकीची माहिती अधिक महागात पडते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 चे कलम 12 एकदा मुळातून वाचावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती या सर्वांना तिथे मोफत विधी सेवेचा हक्क दिला आहे, आणि तो दिवाणी प्रकरणांतही आहे. यांपैकी कोणालाही उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा, जी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपये आहे, ती या वर्गांत न बसणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्याही बाबतीत कलम 13 म्हणते की, अविश्वास ठेवण्यास कारण नसेल, तर अर्जदाराचे स्वतःचे शपथपत्र पुरेसे मानता येईल. दारिद्र्यरेषेचा दाखला नाही म्हणून परत गेलेली बाई मी पाहिली आहे. बाई असणे एवढीच तिची पात्रता पुरेशी होती, आणि हे तिला कोणी सांगितले नव्हते.

हा हक्क म्हणजे कोणाची मेहेरबानीही नव्हे. 1978 साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात कैद्याला निकालाची प्रत मिळाली की नाही, यावरच वाद उभा राहिला. तुरुंग म्हणे दिली, कैदी म्हणे मिळाली नाही, आणि सहीची पोच कुठेच नव्हती. त्या प्रसंगी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाची मोफत प्रत आणि गरजू कैद्याला मोफत वकील या गोष्टी संविधानाच्या कलम 21 मध्येच येतात, असे ठरवून दिले. मोफत वकील मन लावून काम करत नाहीत, ही तक्रार काही वेळा खरी असते, आणि मलाही तिचा राग येतो. पण अशा वेळी समितीकडे लेखी तक्रार देऊन वकील बदलून मागता येतो.

कोर्ट फीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. फी भरण्याची ऐपत नसलेल्याला संहितेच्या तेहेतिसाव्या आदेशाखाली निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते. परवानगी मिळाली आणि त्याला वकील नसेल, तर न्यायालय वकीलही नेमून देऊ शकते. पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे.

लोकअदालतीबाबतच्या भीतीत मात्र अर्धे सत्य आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते, त्यामुळे घाईने केलेली सही महागात पडू शकते. परंतु नेहमीच्या लोकअदालतीला कोणाच्याही विरुद्ध निकाल देण्याचा अधिकारच नाही; तडजोड पटली नाही तर 'मला मान्य नाही' म्हणावे, प्रकरण जसेच्या तसे न्यायालयात परत जाते. पटली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. वीज, पाणी, टपाल अशा लोकोपयोगी सेवांसाठीची कायमस्वरूपी लोकअदालत ही वेगळी संस्था आहे. तडजोड न झाल्यास ती स्वतः निर्णय देऊ शकते, म्हणून नोटिशीवर दोहोंपैकी कोणते नाव आहे ते नीट पाहावे.

राहिला भाषेचा मुद्दा. 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवण्यात आली आहे. निकाल अनेकदा इंग्रजीत येतात, ही खंत आहेच. पण आपला अर्ज, आपली कैफियत, आपली साक्ष मराठीत देण्याला तालुक्याच्या न्यायालयात कोणी हरकत घेऊ शकत नाही.

सुधारायला पुष्कळ जागा आहे, आणि माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक समन्सच्या पाठीवर ठळक मराठीत तीन ओळी छापाव्यात: वकील नसला तरी या तारखेला स्वतः हजर राहा, कैफियत अमुक दिवसांत द्यायची आहे, मोफत वकिलासाठी याच इमारतीतल्या विधी सेवा कार्यालयात या किंवा 15100 वर फोन करा. ते फाटके समन्स मी उलटून पाहिले होते. त्याची पाठ कोरी होती.