सॅमन परत का सोडायला लावला: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की एवढा खर्च करून स्कॉटलंडला डी नदीवर आलो, दहा पौंड वजनाचा सॅमन मासा गळाला लागला आणि गिलीने, म्हणजे आमच्या नदीवरच्या वाटाड्याने, तो सोडायला लावला. रविवारी मासेमारी बंद, जेवणातही सॅमन नाही.

रविवारची चूक माझी. इथे रविवारी सॅमनसाठी गळ टाकायला कायद्यानेच बंदी आहे. बुकिंग घेतानाच मी ते सांगायला हवं होतं. त्या दिवसाचं खोलीभाडं परत करतेय.

माशाबद्दल मात्र गिलीचंच बरोबर होतं. मी काठावर उभी होते. मादी होती, पोट गाभोळीने भरलेलं. तुम्ही अलिबागचे, गाभोळी तुम्हाला मी काय सांगणार! पण हा रावस नव्हे. हा मासा अटलांटिकमध्ये वाढतो आणि वीण घालायला जन्मल्या नदीत परततो. नदीत शिरल्यावर तो खात नाही. अंगातल्या चरबीवर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तग धरायचा, मग मादी शेपटीने गोट्यांत खळगा करून हजारो अंडी घालते. म्हणूनच गिलीने तिला फोटोसाठी वर उचलू दिलं नाही. जाळीत, पाण्यातच धरली, तोंड प्रवाहाकडे. मिनिटभराने शेपटीचा एक फटका, तुमची बाही कोपरापर्यंत भिजली, आणि ती गेली. तुम्ही तेव्हा हसलात, दादा. ते रिव्ह्यूत आलं नाही याचं वाईट वाटलं.

२०२३ मध्ये स्कॉटलंडभर गळाला लागलेल्या सॅमनचा आकडा १९५२ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी होता. समुद्रात गेलेली पिल्लं पूर्वीइतकी परतत नाहीत, नद्यांचं पाणीही तापतंय. त्यामुळे डीवर सगळेच मासा सोडतात. आपल्याकडेही पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात. समुद्र खवळलेला असतोच, पण माशांची वीणही तेव्हाच असते.

जेवणाचं म्हणाल, तर गळाने धरलेला सॅमन इथे विकता येत नाही. पिंजऱ्यात वाढवलेला मिळतो, पण त्या पिंजऱ्यांतल्या समुद्री उवा पश्चिम किनाऱ्यावर नद्यांतून निघालेल्या पिल्लांना लागतात. म्हणून मी तो आणत नाही; हॅडॉक या समुद्री माशाचं कालवण करते. तुम्ही दोनदा घेतलंत.

पैसे त्याच कार्डावर येतील. त्या मादीच्या तोंडातून काढलेली तुमची गळाची पिसांची नकली माशी जाळीच्या दोरीत अडकलेली सापडली. पत्ता कळवा, पोस्टाने पाठवते.