मधमाश्यांच्या मासिकातली बातमी

डिसेंबरची १७ तारीख, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचा दिवस, जवळ आली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिवकर बापूजी तळपदे उगवतात. १८९५, मुंबईची चौपाटी, त्यांनी माणसाविना उडवलेलं विमान, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. शंका काढली की उत्तर ठरलेलं: ‘इंग्रजांनी दडपलं.’ मी राहतो अमेरिकेत, राइट बंधूंच्या डेटन या गावाजवळ, ओहायो राज्यात. त्यामुळे पुढचा टोमणाही ठरलेला: ‘तू तिकडचीच बाजू घेणार!’

तिकडची म्हणजे नक्की कुणाची? ओहायोच्या नंबरप्लेटवर ‘विमानविद्येचं जन्मस्थान’, तर जिथे उड्डाण झालं त्या नॉर्थ कॅरोलिनाच्या प्लेटवर ‘उड्डाणात पहिले’. कनेक्टिकटने २०१३ साली चक्क कायदा करून पहिल्या उड्डाणाचं श्रेय आपल्याकडे राहिलेल्या गुस्ताव व्हाइटहेडला दिलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने तर, तिचे दिवंगत सचिव लँग्ली यांचं विमान आधी उडू शकलं असतं, हा हेका १९४२ पर्यंत सोडला नव्हता. वैतागून ऑर्व्हिल राइटने १९२८ साली मूळ विमान लंडनच्या संग्रहालयात धाडलं. अस्मितेचा मक्ता काही आपल्याकडेच नाही.

आता ‘दडपलं’चं बघू. राइट बंधूंनाही पेपरवाल्यांनी फारसं विचारलं नव्हतंच. १९०४-०५मध्ये ते डेटनबाहेरच्या हफमन प्रेअरी या कुरणावर उडत होते. कडेनेच ट्रामची लाइन जायची, तरी गावच्या पेपरांना त्याचं काही नाही. २० सप्टेंबर १९०४ला विमानाने पहिल्यांदा पूर्ण गोल फेरी मारली. ती पाहायला हजर होते एमॉस रूट, मधमाशीपालनाचं सामान विकणारे गृहस्थ. त्यांनी सगळी हकीकत आपल्या मधमाश्यांच्या मासिकात १ जानेवारी १९०५च्या अंकात छापली. समोरून येणाऱ्या विमानाला त्यांनी रूळ सोडून आलेल्या रेल्वे इंजिनाची उपमा दिली आहे. तो अंक आजही कुणालाही वाचता येतो.

तळपद्यांचाही असा एक एमॉस रूट, म्हणजे लिहून ठेवणारा साक्षीदार, मला हवाय. ‘केसरी’त बातमी होती म्हणतात, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव हजर होते म्हणतात. अंकाची तारीख विचारली की ग्रुप गप्प. टिळकांचा ‘केसरी’ इंग्रजांना भिऊन असली बातमी गिळेल, हे तर मला अजिबात पटत नाही. पुरावा म्हणून पुढे केला जाणारा, प्राचीन म्हणवला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा विमानांवरचा ग्रंथ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) पाच जणांनी १९७४ साली तपासला. तो १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडणारी नाहीत, असा निष्कर्ष निघाला. तरी २०१५ला मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच!

आणि समजा, चौपाटीची गोष्ट खरी निघाली. तरी माणसाविना उडालेल्या विमानाची बरोबरी राइटांशी कशी होईल? ती लँग्लींशी. त्यांचं वाफेवरचं बिनमाणसाचं मॉडेल ६ मे १८९६ला पोटोमॅक नदीवर अर्ध्या मैलाहून जास्त उडालं होतं. त्याच्या एक वर्ष आधी मुंबईत कुणी हे साधलं असेल, तर ती लहान गोष्ट नव्हे. ग्रुपवरची निम्मी मंडळी पुण्यात आहेत. कुणीतरी १८९५चे ‘केसरी’चे अंक चाळा आणि त्या बातमीचा फोटो टाका. इथल्या म्युझियमवाल्यांशी भांडायला मी जातो.