धुराने स्लेज ओढली जात नाही

अमेरिकेतल्या ट्रक पुलिंगचा, म्हणजे वजन लादलेली स्लेज (घसरगाडी) ट्रकने जास्तीत जास्त लांब ओढण्याच्या स्पर्धेचा, एक व्हिडिओ सध्या आपल्या ग्रुपांवर फिरतोय. मातीच्या ट्रॅकवर एक डिझेल पिकअप काळ्या धुराचे लोट सोडत लोखंडी स्लेज ओढतेय. खाली मजकूर आहे : "चिप टाका, सगळ्यात मोठा टर्बो बसवा, गाडी उंच करा, हूक जमेल तितका वर बांधा. जेवढा धूर तेवढी ताकद. सकाळी गॅरेजला लावा, संध्याकाळी मैदानात उतरा."

मला तो चार जणांनी पाठवला, कारण मी इंडियानातल्या कोलंबसला राहतो. हे डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं गाव, पुण्याहून आलेली मराठी माणसं इथे बरीच. गेले तीन उन्हाळे एका सहकाऱ्याच्या ट्रकवर मी त्याच्याबरोबर राबतोय. त्या मजकुरातल्या बऱ्याच गोष्टी आम्ही करून बसलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी स्लेज समजून घ्या, कारण मजकूर लिहिणाऱ्याने तीच लक्षात घेतलेली नाही. स्लेजच्या मागे चाकं असतात आणि पुढे जमिनीवर घासणारा सपाट पत्रा. ट्रक निघाला की चाकांच्या फिरण्यावरच वजनाची पेटी मागून पुढे सरकायला लागते आणि भार त्या पत्र्यावर येत जातो. पहिल्या पन्नास फुटांत हलकी वाटणारी स्लेज दोनशे फुटांवर जमिनीत रुतल्यासारखी होते. पूर्ण अंतर ३०० फूट, म्हणजे साधारण ९१ मीटर. ट्रक थांबतो तो बहुतेक वेळा इंजिन कमी पडलं म्हणून नाही, तर टायर माती सोडून जागच्या जागी फिरायला लागले म्हणून.

"जेवढा धूर तेवढी ताकद." काळा धूर म्हणजे पुरतं न जळलेलं डिझेल. एक किलो डिझेल जळायला हिशेबाने साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनात मिसळायला वेळ कमी मिळतो, त्यामुळे धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) दाब धरेपर्यंत सुरुवातीला धूर येणारच, त्यात काही चूक नाही. पण शेवटपर्यंत काळाकुट्ट धूर राहिला, तर हवा कमी पडतेय आणि तेल नुसतं तापमान वाढवतंय. एक्झॉस्टचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊन तिथेच राहिलं, की ॲल्युमिनियमचे पिस्टन धोक्यात. आमच्या ट्रकमध्ये स्टिअरिंगच्या शेजारी तापमानाचा काटा बसवलाय. स्लेज ओढताना शेजारी बसून मोठ्याने आकडे सांगता येत नाहीत, ड्रायव्हर एकटाच असतो. म्हणून धोक्याच्या जागी काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ मारली आहे.

"चिप टाका", म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला जास्त तेल सोडायला लावा. पण ती टाकणार कुठे? या खेळात ज्याला सगळ्यात जास्त मान, ते १९९४ ते ९८ च्या डॉज रॅम पिकअपमधलं १२ व्हॉल्व्हचं ५.९ लिटर कमिन्स इंजिन. त्याचा डिझेल सोडणारा बॉशचा पी७१०० पंप पूर्णपणे यांत्रिक आहे, त्याला कॉम्प्युटरच नाही. तिथे पंप उघडून गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा बदलाव्या लागतात, नाहीतर आरपीएम वाढायच्या आतच तो तेल तोडतो. आरपीएम वाढवले की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जड घालाव्या लागतात. दाब वाढवला की हेडच्या बोल्टांऐवजी मजबूत स्टड. एकाला हात लावला की पुढचं काम निघतंच.

"सगळ्यात मोठा टर्बो" तर नियमातच बसत नाही. स्पर्धेतले डिझेल ट्रकांचे बरेच वर्ग टर्बोच्या तोंडाच्या व्यासावर ठरतात : २.५ इंच, २.६ इंच, ३ इंच. तुमच्या वर्गापेक्षा तोंड मोठं निघालं तर ओढायलाच मिळणार नाही.

आता गाडी उंच करणं आणि हूक, म्हणजे स्लेजची साखळी अडकवायची ट्रकमागची कडी, वर बांधणं. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक. हूक उंच असला की मागच्या चाकांवर भार वाढतो, हे बरोबर. पण तो भार पुढच्या चाकांवरून येतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन चढाला लागलेला ट्रॅक्टर तोंड उचलतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. हिशेब करा : ओढ ३००० किलो, हूक ६६ सेंटिमीटरवर, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साडेतीन मीटर. पुढचा भार सुमारे ५६५ किलोंनी घटतो. हूक ९० सेंटिमीटरवर नेला तर ७७० किलोंनी. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रकची पुढची दोन हवेत गेली, तर त्यांचा काय उपयोग? म्हणून बऱ्याच वर्गांत हुकाची मर्यादा २६ इंच, म्हणजे तेच ६६ सेंटिमीटर, आहे, आणि म्हणूनच लोक पुढच्या बंपरपुढे लोखंडी वजनं टांगतात.

आमची खरी चूक वेगळीच होती. उभ्या ट्रकचा हूक बरोबर २६ इंच भरायचा, पण ओढ बसली की मागचे पाटे दबायचे आणि हूक खाली जायचा. एक्सल आणि चेसिसच्या मधे ठोकळे बसवून ते दबणं रोखलं. इंजिनला हात न लावता त्या वर्षी आम्ही आधीपेक्षा लांब गेलो. गाडी उंच करणं याच्या उलट काम करतं : वजन वर जातं आणि चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या शाफ्टचे कोन बिघडतात.

"सकाळी गॅरेजला, संध्याकाळी मैदानात." पहिल्या वर्षी आम्ही जवळपास तसंच केलं. साखळीतली ढील न काढता एकदम रेस मारली. साखळी खाडकन ताणली आणि मागच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट तुटला. शाफ्टभोवती पोलादी कव्हर होतं, म्हणून तो तुकडा आतच खणखणत राहिला. समोर लाकडी बाकांवर लहान मुलं बसली होती. ते कव्हर मी स्वतः आदल्या रात्री पाठीवर झोपून बसवलं होतं, तेही नियम आहे म्हणून.

व्हिडिओत अशा कुठल्याच गोष्टीचा उल्लेख नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. टर्बो फुटला तर तुकडे उडू नयेत म्हणून धुराड्यात ३/८ इंची दोन बोल्ट एकमेकांना आडवे घालतात. वरच्या वर्गांत हवा बंद करणारी झडप स्लेजला दोरीने जोडलेली असते, कारण भडकलेलं डिझेल इंजिन चावी फिरवून थांबेलच असं नाही, त्याची हवा तोडावी लागते. आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा धूर-नियंत्रणाचा भाग काढणं अमेरिकेत बेकायदा आहे. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपचे ते भाग काढले गेले, असा इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा २०२० चा अंदाज आहे. तो धूर त्या गाड्या फिरतात त्याच गावांतली माणसं श्वासात घेतात.

ज्या पुतण्याने मला "काका, आपल्या बोलेरोवर करून बघू का?" असं विचारलं, त्याला मी फोनवर एवढंच सांगितलं : आधी गाडीखाली शिर, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून हलव आणि जॉइंटमध्ये खेळ आहे का ते मला सांग.