‘कॅन्सल’ दाबायचं धैर्य

कॉम्प्युटर बंद पडला की घरातल्या प्रत्येकाच्या हाताला काम मिळतं. कुणी पॉवरचं बटण दाबून धरतं, कुणी प्लग काढून पुन्हा घालतं, कुणी मागून एक चापटी देतं, कारण जुना टीव्ही त्याने सुरू व्हायचा. ‘त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी बदनामी झालेल्या माझ्यासारख्याला फोन येतो तो हे सगळं झाल्यावर. आणि माझा पहिला सल्ला कुणालाच आवडत नाही: आता काहीही करू नका.

कॉम्प्युटर गेला म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. पुष्कळदा मदरबोर्ड जळलेला असतो किंवा विंडोज रुसलेलं असतं, आणि डिस्क आत सुखरूप असते. ती काढायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी जोडायची, एवढाच बेत. लॅपटॉपची अडीच इंची साटा डिस्क (साटा ही डिस्क जोडायची एक रीत) यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, तिला साध्या साटा-यूएसबी केबलवर भागतं. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणजे स्वतंत्र अडॅप्टरवाला डॉक, डिस्क बसवायची बैठक, हवा. लोक तिलाही तीच केबल लावतात, डिस्क ढिम्म हलत नाही, आणि घरात सुतक सुरू होतं. ती बिचारी नुसती उपाशी असते.

च्युइंगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) निघाली, तर तिच्यातही दोन जाती. टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई, म्हणजे जोडायची दुसरी, जास्त वेगवान रीत. एकीचं एन्क्लोजर (बाहेरून जोडायची डबी) दुसरीला चालेलच असं नाही, म्हणून आधी पट्टी काढून बघावी, मग बाजार गाठावा. हल्लीच्या मॅकबुकांमध्ये ती बोर्डालाच सोल्डर करून बसवलेली असते. तिथे स्क्रू ड्रायव्हर मुकाट्याने खिशात ठेवायचा.

तबकडीवाली डिस्क जोडली की आधी कान द्यायचा. संथ घरघर आली तर देव पावला. ठरावीक तालात टक्‌-टक्‌ आली तर वायर लगेच काढायची. वाचणारं हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडून तबकडीला घासायला लागलं, तर ‘अजून एकदा लावून बघू’च्या प्रत्येक खेपेला कुठला तरी वाढदिवस खरवडून निघतो. याच वेळी कुणीतरी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतं. मुंबईच्या दमट हवेत ती बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. फ्रीजर मटारांसाठी ठेवा; डिस्कला क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा किंवा आशा सोडा.

आवाज ठीक असेल तर खरी परीक्षा पडद्यावर येते. विंडोज अदबीने सांगतं की ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं. फाइल सिस्टीमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या वहीची, सुरुवातीची पानं वाचता आली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण वर्षानुवर्षं न वाचता ‘ओके’ दाबायला शिकलेला आपला अंगठा ‘कॅन्सल’कडे वळतच नाही. डिस्क मरत असतात हे खरं, पण माझ्या मते त्यांतल्या निम्म्या उपचारांनीच जातात. विंडोजचा ‘चेक डिस्क’ हा दुरुस्तीचा प्रोग्रॅमही तसाच उपचार. त्याला फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवायचा असतो, तुमच्या फाइली वाचवायच्या नसतात. जी नोंद जुळत नाही ती तो खुशाल छाटतो.

मधेच बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेलं कुलूप, उभा राहिला तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. खातं कुणाचं? लॅपटॉप ज्या भाच्याने सुरू करून दिला त्याचं. आणि तो परीक्षेत किंवा परदेशात असतो.

डिस्क अडखळत असेल तर फाइली एकेक करून ओढू नयेत. पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) सुरू करावं आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढावी. तो आधी सोपे भाग वाचून घेतो, हट्टी सेक्टर (डिस्कचे बारीक तुकडे) शेवटी राखून ठेवतो. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) दिली असेल तर वीज गेली तरी थांबला तिथून पुढे सुरू करता येतं. आदेशात आधी स्रोत, मग मुक्काम. दोन्ही डिस्क १ टीबीच्या असतील तर मॉडेलचं नाव तीनदा वाचावं, कारण उलटं झालं तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा आठवणींवर अगदी इमानदारीने उतरतो. इमेज ज्या डिस्कवर घ्यायची ती एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीला गाडी थांबते. यूएसबी २ चा पोर्ट असेल तर निरोगी ५०० जीबीलाही चार-पाच तास धरा. आजारी डिस्कला दिवसही लागतात. तोवर दर दहा मिनिटांनी ‘झालं का?’ विचारणाऱ्यांना चहा करायला पाठवावं.

चुकून डिलीट केलेल्याची गोष्ट वेगळी. तबकडीवर फक्त नोंद पुसली जाते, मजकूर दुसरं काही वर लिहीपर्यंत तसाच असतो. म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणं म्हणजे दागिना पडलेल्या खोलीत फरशी बसवायला घेणं. एसएसडीत तर ट्रिम नावाची मोलकरीण लगेच झाडून नेते.

फोटोरेक हा प्रोग्रॅम इमेजमधून फोटो उपसतो, पण नावं त्याला ठाऊक नसतात. मुंजीचे सातशे फोटो आकड्यांच्या नावाने येतात, सोबत वेबसाइटांची हजारो चिमुकली चित्रं. आकारमानाने लावले की खरे फोटो वर येतात.

शेवटी आजोबांच्या आत्मचरित्राची वर्ड फाइल सापडते. उघडावी तर सगळी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाइल धडधाकट असते; मजकूर युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेला असतो आणि तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसतो. तो असतो जुन्या डिस्कवर, विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये, जो कॉपी करायचं कुणाला सुचलेलं नसतं. आणि डिस्क? काम झालं म्हणून ती नातवाला दिलेली असते, आतलं लोहचुंबक काढायला. ते एव्हाना फ्रीजच्या दारावर वाण्याची यादी धरून बसलेलं असतं.