२५ नगांची ऑर्डर आणि वेंडरची पारख: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शीट मेटलच्या, म्हणजे पत्रा कापून-वाकवून नग बनवायच्या, कामाला वेंडर कसा निवडावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, हे कबूल करतो. तुमचं म्हणणं असं: २५ नग घेणाऱ्याला कोणी शॉप फ्लोअरवर उभं करत नाही, त्यामुळे 'आधी शॉप बघून या' हा सल्ला पोकळ आहे. 'सगळ्यात कमी कोटेशनमागे धावू नका' हे कंपनीच्या पैशाने खरेदी करणाऱ्याला शोभतं. आणि आयएसओ सर्टिफिकेटला मी उगाच 'कागद' म्हणून हिणवलं. शिवाय तुमच्या झाकणांची भोकं बेंडजवळ, म्हणजे पत्रा वाकवलेल्या रेषेजवळ, लांबट आली, ती तक्रार वेगळीच.

पहिला मुद्दा मान्य. लिहिताना माझ्यासमोर दर महिन्याला मोठा लॉट उचलणारा माणूस होता. पण लहान ऑर्डरवाल्याच्या हातातही ड्रॉइंग असतंच. ते पाठवायचं आणि समोरून काय विचारणा होते ते बघायचं.

२ मिलिमीटर पत्र्याच्या एका ब्रॅकेटवर मी एकदा ८ मिलिमीटरची फ्लँज (वाकवून उभी केलेली कड) काढून बसलो होतो. तीन ठिकाणी पाठवलं. दोघांचा दर त्याच संध्याकाळी आला. तिसऱ्याचा फोन आला, "साहेब, ही फ्लँज डायवर टेकणारच नाही. १२ केली तर चालेल का?" बरोबरच होतं त्याचं. २ मिलिमीटरला साधारण जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिलिमीटर तोंडाची व्ही-डाय (ज्यावर पत्रा दाबून वाकवतात तो व्ही आकाराच्या खाचेचा साचा) लावतात, आणि पूर्ण वाकेपर्यंत पत्रा खाचेच्या दोन्ही खांद्यांवर टेकून राहावा लागतो. ८ मिलिमीटरची कड मध्येच खाचेत घसरते. अरुंद डायवर जमवता येतं, पण टनेज, म्हणजे वाकवायला लागणारं बळ, वाढतं आणि बेंड जास्त टोकदार येतो. बाकीच्या दोघांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी वजन काढलं, दर लावला, आणि बेंडचा विचार प्रेस ब्रेकवरच्या (पत्रा वाकवायच्या मशीनवरच्या) माणसावर सोडला. फोन करणाऱ्याला काम दिलं. त्याचं शॉप मी आजतागायत पाहिलेलं नाही!

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही, आणि हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. माइल्ड स्टीलची काही पॅनल्स मी सगळ्यात कमी दरात करून घेतली. पावडर कोटिंग दिसायला झकास. काही महिन्यांनी कडेला नख लावलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. सपाट भागावर ओरखडासुद्धा नाही, फक्त कापलेल्या कडेवर. लेझर कटिंग ऑक्सिजनवर केलं की कडेवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो. रंग त्या थराला धरतो आणि थर पत्र्याला सोडतो. नायट्रोजनवर कापलं तर कड स्वच्छ, चकचकीत येते, पण गॅसचा खर्च वाढतो. ऑक्सिजनवर कापून कड नीट साफ करून घेतली तरी भागतं, मग त्या मजुरीचा उल्लेख कोटेशनमध्ये हवा. म्हणजे मी ज्या दोन दरांची तुलना करत होतो, ते दोन वेगळ्या कामांचे दर होते. तुमचा नग रंगवायचाच नसेल, कुठेतरी आत दडणार असेल, तर कमी दर खुशाल घ्या. एवढं वाक्य लेखात असायला हवं होतं, ते राहिलं.

आयएसओ ९००१ हे कामाच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे, तुमच्या हातातल्या नगाचं नाही, यावर मी ठाम आहे. 'कागद' हा शब्द मागे घेतो.

सँपलबद्दल मी घाईत एका ओळीत उरकलं होतं. सँपल म्हणून सोपा नग मागू नका, सगळ्यात त्रासदायक मागा, आणि त्याचे पैसे द्या. फुकटचं सँपल पुष्कळदा शॉपमधला सगळ्यात चांगला हात बनवतो, लॉट दुसराच कोणीतरी. नग आला की बेंडला गुण्या लावा, कडेवरून बोट फिरवून बर (कापताना राहिलेली धारदार कुसळं) बघा, आणि भोकं कोटिंगनंतर मोजा. ६० ते ८० मायक्रॉनचा थर भोकाच्या सगळ्या बाजूंनी बसतो, तेव्हा व्यास साधारण ०.१२ ते ०.१६ मिलिमीटरने घटतो. बोल्ट अडकला की दोष वेंडरवर जातो, पण ड्रॉइंगवरचं माप कोटिंगच्या आधीचं की नंतरचं, हे आपणच लिहिलेलं नसतं.

आता तुमची लांबट भोकं. इथे मी लगेच तुमची बाजू घेणार नाही. भोकाची कड आणि बेंड यांत निदान जाडीच्या दुप्पट अधिक बेंडची आतली त्रिज्या इतकं अंतर ठेवावं, असा ढोबळ हिशेब आहे. २ मिलिमीटर पत्र्याला, त्रिज्या अडीचच्या आसपास धरली तर, ते साडेसहा मिलिमीटरच्या आसपास येतं. त्याहून जवळचं भोक वाकवताना ओढलं जातं, मग वेंडर कोणीही असो. त्याने आधी विचारायला हवं होतं, हे खरंच. तुमच्या झाकणाची जाडी किती, आणि ड्रॉइंगवर हे अंतर किती धरलं होतं, तेवढं कळवा.